माझ्या जुन्या, २००९ च्या पिकअपच्या सायलेन्सरचा मधला डबा कुजलाय, वेल्डिंग मारू की पूर्ण लाईन (इंजिनापासून मागपर्यंतचा धुराचा पाईप आणि डबा) बदलू? घरी जमेल का, खर्च किती?

वेल्डिंग मारू नका. तुमची गाडी २००९ ची, मधला डबा कुजलाय म्हणता, मग त्याच्या पुढचा-मागचा पाईप पण आतून तसाच असणार, फक्त अजून बाहेर फुटला नाही. मेकॅनिक सांगतो ‘टाका मारतो, वर्षभर चालेल’, पण कुजलेल्या पत्र्यावरचं ठिगळ बाजूचा पत्रा घेऊन फाटतं हे त्यालाही माहीत असतं.

आमच्याकडे, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-सावदा या केळीच्या पट्ट्यात, सायलेन्सर जरा लवकरच जातात आणि त्याला कारण आहे. केळीची पिकअप लांब पळतच नाही. मळ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून वखारीत, परत मळ्यात. डिझेल जळताना वाफ होते, ती गार डब्यात पाणी होऊन बसते आणि गाडी नीट तापली नाही की ते पाणी उडून जात नाही, आतून पत्रा खातं. वरून पोटॅशच्या गोण्या. केळीला पोटॅश लागतं सगळ्यात जास्त, एखादी गोणी फुटली की दाणे हौद्याच्या फटीतून खाली चेसीवर, पाईपवर, आणि ते मिठासारखंच लोखंड खातं. खत वाहिलं की त्याच दिवशी खालून पाणी मारा, हे मी गावात ओरडून ओरडून सांगतो, कोणी ऐकत नाही.

आता मी एवढा का तापतो ते सांगतो. माझी पिकअप आधी आमचे नाना (चुलते) चालवायचे. डबा गळायला लागला तर त्यांनी हायवेवरच्या एका वेल्डरकडून टाका मारून घेतला, आणि त्याने वरची हँगरची रबरं तुटलेली पाहून सरळ लोखंडी पट्टी मारून डबा चेसीला जाम करून टाकला. नाना खुश, आता हलणार नाही म्हणे. अहो पण इंजिन हलतं ना! इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं आणि पाईप त्याच्यासोबत डुलायलाच पाहिजे, म्हणून तर रबरं दिलेली असतात. मागून जाम केल्यावर सगळा ताण पुढच्या पाईपच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) आला आणि तो तिथे तडकला, बरोबर केबिनच्या खाली. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं होतंच. थंडीचे दिवस, पहाटे आईला भुसावळला दवाखान्यात नेत होतो, काचा बंद, आणि फैजपूरच्या पुढे आई म्हणायला लागली डोकं जड झालं, मळमळतंय. मला वाटलं तिची तब्येतच बरी नाही. काच खाली केली, बाहेरची हवा लागली तशी ती सावरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो हो. धुराचा वास येतो तो बाकीच्या गोष्टींचा, आणि पुढून जोरात गळत असेल तर केबिनमधला माणूस नुसता पेंगतो. ड्रायव्हर पेंगला तर काय होतं ते सांगायला नको.

तरी नाना म्हणतात, काऊन एवढे पैसे फेकतो, डबाच काढून टाक, सरळ पाईप ठेव, अ‍ॅव्हरेज वाढतं. काही वाढत नाही. आवाज वाढतो फक्त. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज-धुराला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, वर ३ महिने लायसन्स जातं. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) करावं लागतं, तिथे सरळ पाईप घेऊन जाऊन दाखवा नाना.

मी पूर्ण लाईन बदलली, अंगणातच, म्हणजे घरी जमतं. पाईप सोपा आहे, जीव खातात ते मेनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर येतो त्या भागाचे) स्टड, म्हणजे त्यात रुतलेले बिनडोक्याचे बोल्ट. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी नट गॅसने लाल करा आणि पाना थोडा पुढे थोडा मागे, थोडा पुढे थोडा मागे. एकाच बाजूला जोर लावला की स्टड तुटलाच समजा. तुटला तर त्या ठुटक्यावर नवा नट वेल्ड करून फिरवा, त्याच्या गरमीने बरेचदा सुटतो, ड्रिल आणि टॅप एकदम शेवटी. पॅकिंग (जोडातलं गॅस्केट), स्टड, नट, हँगरची रबरं सगळी नवीन घ्या, जुनं एकही परत लावू नका, तिथे वाचवलेले पैसे परत खाली झोपायला लावतात. नव्या स्टडला कॉपर ग्रीस लावा. सगळं आधी ढिलं जोडा, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी आणि वायरिंगपासून अंतर बघा, मग पुढून मागे आवळत या. गाडी गार असताना स्टार्ट करून मागच्या तोंडावर ओला कपडा क्षणभर दाबा, कुठे गळत असेल तर सूं सूं ऐकू येतं.

खर्चाचं विचारलंत तर कुठली कंपनी, टर्बो आहे का नाही त्यावर आहे, जळगावला दोन-तीन दुकानांत विचारा. पण जाड पत्र्याचा घ्या, वजन हातात धरून बघा. कोणी पाण्याचा जीआय पाईप घालून देतो म्हणाला तर निघून या, वेल्ड करताना त्याच्या जस्ताचा धूर विषारी असतो.

हां, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. कुठेही वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीची वायर आधी काढा. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) गाडीला यातलं काही करू नका, तिच्यात सेन्सर असतात, ती वर्कशॉपलाच न्या. आणि एक दोन भाडी मारून झाली की इंजिन गार झाल्यावर मेनिफोल्डचे नट परत आवळा, गरम-थंड होऊन पॅकिंग बसतं आणि नट ढिले पडतात.