एमपीएचचं स्कूल निवडताना ‘आमच्या विद्यार्थ्यांचं यश’ हे पान कसं वाचायचं

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बीडीएस झालंय, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात तंबाखूमुक्तीच्या शिबिरांत काम केलंय, बायकांच्या मिश्रीच्या (भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावायच्या) सवयीवर पुढं अभ्यास करायचाय. एमपीएचसाठी (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) अमेरिकेतल्या तीन स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ निवडल्यात. तिन्हींच्या पानांवर संशोधनाचे मोठे आकडे आणि विद्यार्थ्यांच्या बक्षिसांची रांग. यातलं कुठलं घ्यायचं, आणि स्वतःच्या नावावर एकही पेपर नसताना अर्ज करायचा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: करा. एमपीएचला पेपरची अट नसते, पीएचडीला त्याचं वजन जास्त. एमपीएचला प्रवेश देताना कामाचा अनुभव, गणित-संख्याशास्त्र झेपेल का, आणि निबंधात नेमका प्रश्न मांडलाय का, एवढं बघतात. पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलमध्ये घाईनं काहीतरी टाकू नका. जाणकार माणूस जर्नलचं नाव वाचूनच ओळखतो, आणि मग बाकीच्या अर्जावरही शंका घेतो.

आता पहिला प्रश्न. ते यशाचं पान खोटं नसतं, पण त्यातलं बरंचसं तुमच्या वाट्याला येणारं नसतं. एकेक ओळ घेऊ.

‘आमच्या विद्यार्थिनीला एनआयएचची एफ-३१ फेलोशिप.’ एनआयएच ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था. तिची ही फेलोशिप पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळते, आणि तीही अमेरिकन नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच. टी-३२ नावाच्या प्रशिक्षण अनुदानाचंही तसंच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला दोन्ही बंद. स्कूलचा दर्जा त्यातून कळतो, तुमची संधी नाही.

‘डेल्टा ओमेगामध्ये निवड.’ ही १९२४ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये सुरू झालेली मानाची संस्था. चांगल्या गुणांचं चीज झालं एवढाच अर्थ. ही निवड परदेशी विद्यार्थ्याचीही होऊ शकते, पण त्यावरून संशोधनाचं काम मिळालं असं समजू नका.

‘एपीएचएच्या वार्षिक परिषदेत पोस्टर.’ ही ओळ मात्र थांबून वाचा. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनची परिषद दर वर्षी शरद ऋतूत भरते, गोषवारे त्याच्या कित्येक महिने आधी, वर्षाच्या सुरुवातीलाच मागवतात. एमपीएचच्या विद्यार्थ्यांची पोस्टर तिथं दरवर्षी लागत असतील, तर स्कूलमधले प्राध्यापक मास्टर्सच्या मुलांना कामात घेतात असा अर्थ. एकच विचारून घ्या: प्रवासाचा आणि नोंदणीचा खर्च स्कूल देतं का?

‘विद्यार्थ्याचा शोधनिबंध प्रसिद्ध.’ लेखकांच्या यादीत तो कितवा, आणि तेव्हा तो एमपीएचला होता की पीएचडीला, ते बघा. एमपीएचच्या मुलाचं नाव तिसरं-चौथं असलं तरी चांगलंच. पहिलं असेल तर त्या मार्गदर्शकाचं नाव वहीत लिहून ठेवा. तपासायला पबमेडच्या (वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीच्या) अॅडव्हान्स्ड शोधात अफिलिएशनच्या चौकटीत स्कूलचं नाव आणि विषयाच्या चौकटीत ‘स्मोकलेस टोबॅको’ टाका. तीन-चार वर्षांचे निबंध चाळले की कुणाच्या हाताखाली विद्यार्थी लिहिते होतात ते उघड दिसतं. अर्ध्या दिवसाचं काम, पण रँकिंग चाळण्यापेक्षा शंभर पटीनं उपयोगी. यूएस न्यूजचं पब्लिक हेल्थचं रँकिंग तर निव्वळ डीन आणि प्राध्यापक मंडळींनी एकमेकांना दिलेल्या गुणांवर ठरतं. त्यात विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या, फी, संशोधन यांतलं काही मोजलेलं नसतं.

‘इतक्या कोटी डॉलरचं संशोधन.’ त्यासाठी एनआयएच रिपोर्टर हे सरकारी संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. संस्थेचं नाव आणि ‘टोबॅको’ टाकलं की प्रकल्प, प्रमुख संशोधक, रक्कम आणि मुदत दिसते. मुदत सगळ्यात आधी वाचा. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचणार आणि प्रकल्प त्या डिसेंबरात संपणार असेल, तर तिथं नवा माणूस कशाला घेतील? शिवाय २०२५ मध्ये एनआयएचनं बरीच अनुदानं मधेच थांबवली. त्यामुळं पानावर झळकणारा प्रकल्प चालू आहेच असं धरू नका.

रिपोर्टरवर माणूस सापडला की छोटी मेल करा: निबंधाचं नाव, त्यातल्या एका मुद्द्यावर एक खरा प्रश्न, आणि पुढच्या वर्षी एमपीएचचे विद्यार्थी ताशी पगारावर घेणार आहात का, एवढंच. आठ-दहा ओळी पुरतात. ‘आदरणीय महोदय, आपले थोर कार्य पाहून’ वगैरे नको. एमपीएचचा प्रवेश प्राध्यापकाच्या हातात नसतो, तेव्हा उत्तर नाही आलं तरी बिघडत नाही. आलं तर मात्र तुमची निवड निम्मी झाली.

मान्यतेचा मुद्दा. सीईपीएच ही संस्था स्कूल आणि सुटे प्रोग्रॅम अशा दोघांनाही मान्यता देते. एमपीएच किमान ४२ क्रेडिटचा असायला हवा, ही तिचीच अट. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मास्टर्सला किमान ७० टक्के आणि वर्षभरात नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला लागणाऱ्यांचं किमान ८० टक्के, हेही तिचे निकष. स्कूलला हे आकडे ठेवावेच लागतात, म्हणून बिनधास्त मागा. मिळाले की त्यात ‘ठावठिकाणा माहीत नाही’ असे किती ते आधी बघा, कारण बहुतेकदा ते टक्केवारीतून वगळलेले असतात. आणि परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा विचारा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

‘स्कूल’ म्हणवून घ्यायला डॉक्टरेटचे अभ्यासक्रमही चालवावे लागतात. म्हणजे संशोधनाच्या पगारी जागांसाठी तुमच्या पुढं पीएचडीची मुलं उभी असतात. मोठ्या नावाच्या स्कूलपेक्षा मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात एमपीएचच्या मुलांना काम लवकर मिळतं, असं माझं मत आहे.

आता मिश्रीकडं येऊ, कारण तुमचं खरं भांडवल तेच आहे. एमपीएचमध्ये दोन मोठी कामं करावी लागतील: अप्लाइड प्रॅक्टिस एक्स्पीरियन्स, म्हणजे प्रत्यक्ष संस्थेत काम करून किमान दोन कामाच्या वस्तू देणं, उदाहरणार्थ प्रश्नावली, अहवाल किंवा प्रशिक्षण पुस्तिका, आणि शेवटचा इंटिग्रेटिव्ह लर्निंग एक्स्पीरियन्स, म्हणजे प्रबंधासारखं लेखी काम. दोन्ही मिश्रीवर होऊ शकतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत ईश्वरपूरला (पूर्वीच्या इस्लामपूरला) येऊन सर्वेक्षण करीन असं निबंधात लिहू नका. हिशेब बघा. प्रमाण माहीत नाही म्हणून ५० टक्के धरलं, चूक ५ टक्क्यांच्या आत हवी, तर ३८५ बायका लागतात. गावं निवडून घरं घ्यायची म्हणून दुप्पट, ७७०. दहा टक्के नकार धरून ८५६. एकटीनं दिवसाला दहा बायका गाठायच्या म्हटल्या तरी ८६ दिवस, म्हणजे जवळपास सगळी सुट्टी. त्यात पावसाळा, आणि लावणीला गेलेल्या बायका दिवसा घरी सापडत नाहीत.

त्याआधी परवानग्यांचं लचांड. तुमच्या विद्यापीठाची आयआरबी (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती), इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाची एथिक्स कमिटी, आणि परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा असेल तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत चालणारी हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटी. या तिन्ही एका सेमिस्टरमध्ये उरकतील असं गृहीत धरणाऱ्यांचे प्रबंध लटकतात.

तयार आकडेवारी घ्या. ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्व्हे भारतात २००९-१० आणि २०१६-१७ मध्ये झाला. त्यात मिश्री, गुल, गुडाखू, तपकीर असं तोंडात लावायचा तंबाखू वेगळा विचारलाय. मर्यादा अशी की आकडे राज्यापुरते खरे, सांगली जिल्ह्याचे म्हणून देता येत नाहीत. आणि वजन, स्ट्रेटम, क्लस्टर हे नमुना कसा निवडला ते सांगणारे तीन रकाने सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय विश्लेषण सुरू करू नका. ते सोडले तर टक्केवारी चुकतेच, शिवाय चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) खोटी लहान दिसते आणि नसलेला फरक ठळक उठतो. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. आर किंवा स्टाटामध्ये या कामाच्या तयार आज्ञा आहेत. जाण्याआधी आर मोफत उतरवून सवय लावा.

तुमच्या शिबिराच्या वह्यांचाही उपयोग आहे, पण दोन अडचणी. शिबिराला आलेली बाई म्हणजे गाव नव्हे, त्यामुळं ‘गावात इतके टक्के’ असा निष्कर्ष निघणार नाही. आणि नोंदी सरकारी आहेत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी विश्लेषणाच्या आधी हवी, मागाहून मिळत नाही. नावं-फोन काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी प्रत्येकीची संमती माफ करण्याची सोय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, पण माफ करायचं ते कमिटीनं, तुम्ही नाही.

निबंधात यातली एकच गोष्ट नीट लिहा. बाईला ‘तंबाखू खाता का’ विचारलं की ती ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री हे दात घासायचं साधन आहे. म्हणून मिश्री वेगळी विचारावी लागते: दिवसातून किती वेळा, जेवणानंतर लावता का, किती वेळ तोंडात ठेवता. प्रश्नावलीची ही चूक ओळखणारा उमेदवार निवड समितीला पाच बक्षिसांच्या यादीपेक्षा जास्त आवडतो.

व्हिसाच्या अंगानं एक आकडा आधीच तपासा. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या दाखल्यावर, अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड असतो. एपिडेमिऑलॉजी २६.१३०९ आणि बायोस्टॅटिस्टिक्स २६.११०२ हे स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) मोडतात, म्हणून पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (काम करायची मुभा) आणि वर २४ महिने मिळू शकतात. सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा ५१.२२०१ स्टेममध्ये नाही, तिथं १२ महिन्यांवर गाडी थांबते. दोन स्कूलमध्ये अभ्यासक्रमाचं नाव एकच आणि कोड वेगळा असं सर्रास असतं. प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्या. कॅम्पसबाहेरच्या प्रॅक्टिस एक्स्पीरियन्ससाठी, बिनपगारी असला तरी, इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचारा. सीपीटी (शिकत असतानाच्या कामाची परवानगी) आय-२० वर चढल्याशिवाय पहिला दिवसही भरू नका. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली तर ओपीटी जाते. पुढं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था लॉटरीतून सुटलेल्या असतात, राज्यांचे आरोग्य विभाग आपोआप सुटत नाहीत. हे नियम सध्या वारंवार हलताहेत, तेव्हा कर्जाचा हिशेब नोकरी धरून करू नका.

आणि हो, एमपीएचनं तिथं दातांची प्रॅक्टिस करता येत नाही. तो रस्ता वेगळा: आयएनबीडीई परीक्षा, मग डेंटल स्कूलमध्ये अॅडव्हान्स्ड स्टँडिंग. मनात तेच असेल तर आत्ताच ठरवा.

पैशाचं: मास्टर्सला फीमाफी क्वचितच मिळते, ताशी कामाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं काम १८९२ पासून चालू आहे, त्याला अर्ज करा. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत पब्लिक हेल्थ येतं, पण तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं.

अर्ज बहुतेक ठिकाणी सोफास या एकाच संकेतस्थळावरून जातो, तो ऑगस्टच्या सुमारास उघडतो. भारतीय गुणपत्रिकांसाठी वेस संस्थेचा विषयवार अहवाल लागतो, आणि खरी रखडपट्टी तिथंच. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट निघायला वेळ लागतो, म्हणून ट्रान्सक्रिप्टचा अर्ज जूनमध्येच टाका. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर मधलं नाव तिसरंच, असं असेल तर सगळ्या अर्जांत पासपोर्टवरचंच नाव त्याच क्रमानं लिहा आणि दोन्ही नावांच्या प्रतिज्ञापत्राची इंग्रजी प्रत सोबत ठेवा. शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात. त्यातलं एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं असू द्या, पण त्यांना सोफासची मेल स्पॅममध्ये जाते हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मुदतीच्या आदल्या रात्री फोनाफोनी.