ओढणं त्याला येतंच. आधी ‘थांब’ शिकवा

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. आमचा ब्रूनो तीन वर्षांचा आहे, लॅब्रेडोर आणि गावठी यांची सरमिसळ, वजन ३१ किलो. फिरायला नेलं की खांदा निखळेल इतका ओढतो. परदेशात बर्फ नसताना कच्च्या रस्त्यावर कुत्रा पुढे आणि माणूस मागे सायकलवर, असे व्हिडिओ माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने पाहिले. तिने हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज, मागवला, दोरी सायकलच्या हँडलला बांधली आणि पहिल्याच दिवशी ब्रूनो गल्लीतल्या कुत्र्यांकडे वळल्यावर पडली. गुडघे फुटले, पण हौस कायम आहे. हे आपल्याकडे करता येतं का? ओढायची मुभा दिली तर रोजचं फिरणं आणखी बिघडेल का? घरात आठ महिन्यांची चिंगीही आहे. तिला जोडीला घेतलं तर?

उत्तर : मुलीची हौस मोडू नका. हँडलला दोरी बांधणं मात्र आजपासून बंद. कुत्रा वळला की हँडल वळतं, आणि सैल पडलेली दोरी चाकात गेली की माणूस आणि कुत्रा दोघंही जखमी होतात.

या खेळाला ड्रायलँड मशिंग म्हणतात. बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ पडायच्या आधी चाकाच्या गाडीला जुंपून तयार करत, त्या सरावातून हा खेळ वाढला. मागे माणूस पळत असेल तर कॅनिक्रॉस, सायकल असेल तर बाइकजोरिंग. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की या कुत्र्यांना लगाम नसतो. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या तांड्यांनी एकमेकांच्या हाती देत सुमारे १०८५ किलोमीटरवरून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. वादळात, अंधारात त्यांना दिशा दाखवायला गाडीवानाजवळ तोंडचे शब्द होते, बस. तुमच्या ब्रूनोला ओढणं येतंच. त्याला शिकवायचं आहे ते थांबणं, वळणं आणि दुसऱ्या कुत्र्याकडे न बघता पुढे जाणं. हे पायी शिकवायचं. सायकल मनातून काही महिने काढून टाका.

फिरणं बिघडेल ही भीती रास्त आहे, पण उपाय सोपा आहे. कुत्रा साधनावरून काम ओळखतो. गळ्यात पट्टा असेल तेव्हा शेजारी चालायचं, ओढलं की आपण जागीच उभं राहायचं. हार्नेस चढला की पुढे जायचं आणि ओढायचं. हार्नेस घरून घालून नेऊ नका. मैदानावर पोचल्यावर घाला आणि संपलं की तिथेच काढा. माझ्या भुऱ्याला, तो अस्सल गावठी आहे, हा फरक कळायला तीन आठवडे लागले. त्यानंतर त्याचं पट्ट्यातलं चालणंही सुधारलं. ओढायची भूक भागवायला त्याची अशी जागा झाली होती.

मागवलेला हार्नेस एकदा नीट पाहा. दोरीची कडी छातीवर असेल तर तो कुत्र्याने ओढू नये म्हणून बनवलेला आहे, या कामाचा नाही. छातीवरून आडवा पट्टा जाणाराही नको, त्याने खांद्याची हालचाल अडते. पुढचा भाग इंग्रजी वाय अक्षरासारखा हवा, त्याचा भार छातीच्या हाडावर यावा, गळ्याच्या नळीवर कधीच नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत, काखेत घासता कामा नये. कुत्र्याच्या पाठीवरून दोरी मागे पळणाऱ्या माणसाच्या कमरेकडे तिरकी वर जाते, म्हणून पाठीच्या मध्यावर संपणारा आखूड हार्नेस बरा. शेपटीपर्यंत जाणारा लांब हार्नेस खालून ओढायच्या गाडीसाठी असतो. माणसाच्या कमरेचा पट्टा रुंद हवा आणि कटीवर बसला पाहिजे, नाहीतर आठवड्यात पाठ धरते. दोरी साधारण दोन मीटर, मध्ये ताणला जाणारा रबरी भाग आणि एका झटक्यात सुटणारी कडी. मनगटाला दोरी गुंडाळू नका.

पहिले आठ दिवस हार्नेस घरातच घाला, खाऊ द्या, काढा. मग मैदानावर तुम्ही ब्रूनोला धरून उभे राहा आणि मुलीला तीसेक पावलं पुढे पाठवा. तिने हाक मारायची, तुम्ही ‘चल’ म्हणायचं आणि त्याच्या मागे पळायचं. तो तिच्याकडे जाताना दोरी ताणली जाईल, तेव्हा मनापासून शाबासकी द्या. आयुष्यभर ‘ओढू नको’ ऐकलेल्या कुत्र्याला दोरी ताणली की अपराधी वाटतं, तो मागे वळून आपलं तोंड बघतो. तेव्हा रागावू नका आणि त्याच्या पुढेही जाऊ नका. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की त्या दिवसाचं काम संपलं, भले तो आणखी मागत असला तरी.

‘थांब’ शिकवताना एकदाच म्हणायचं, पाय रोवायचे, शरीर मागे झुकवायचं आणि गप्प उभं राहायचं. दोरी ढिली पडली की लगेच ‘चल’. पुन्हा पळायला मिळणं हेच त्याचं बक्षीस, बिस्किटाची गरज पडत नाही. तुमच्या एका शब्दावर तो दहापैकी दहा वेळा थांबत नाही तोवर पुढची पायरी नाही. यात मी तडजोड करत नाही.

दिशेचे शब्द निवडताना कानाने निवडा. मी आधी ‘डावं’ आणि ‘उजवं’ म्हणत असे. दोन्हींचा शेवट सारखाच, त्यामुळे भुऱ्या वळणावर गोंधळून उभा राहायचा. मग ‘डाऊ’ आणि ‘उज्जी’ केलं आणि गोंधळ मिटला. रोजच्या फिरण्यात प्रत्येक वळणावर हे शब्द म्हणत जा.

ओझं ओढायच्या सरावासाठी मागे टायर बांधण्याबद्दल माझी एक चूक सांगते. भुऱ्या दीड वर्षाचा असताना मी सायकलचा जुना टायर थेट त्याच्या हार्नेसला बांधला. मागून खरखर आवाज आला, तो दचकून पळाला, आणि तो जितका पळे तितका आवाज त्याच्या मागे लागे. कुंपणाला टायर अडकला तेव्हा तो थांबला, अंग थरथरत होतं. पुढे दोन महिने हार्नेस दिसला की तो पलंगाखाली जाई. त्याचा विश्वास मी तोडला होता आणि तो परत मिळवायला एकेक दिवस मोजावा लागला. तुम्ही आधी दुसऱ्याला टायर शेजारून ओढायला सांगा आणि ब्रूनोला तो आवाज ऐकत खाऊ खाऊ द्या. मग मागे नुसती दोरी, मग लाकडाचा हलका तुकडा. टायर शेवटी.

आता इंदूरचं म्हणाल तर ऊन आणि जमीन. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः धापेतून. ओढताना ती भराभर वाढते. माझा नियम असा : नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, सूर्य वर यायच्या आत, पारा १८ अंशांच्या खाली असेल तरच हार्नेस. एरवी नुसतं फिरणं. जीभ रुंद होऊन टोकाशी पळीसारखी पसरली, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली किंवा चाल लटपटली, तर तिथेच थांबा. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. आधी थंड करा, मग गाडीत घाला. दर एप्रिलमध्ये माझ्याकडे असे कुत्रे उशिरा पोचतात आणि काही वाचत नाहीत. हे लिहिताना त्यांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात.

डांबरी रस्ता नको. मालव्याची काळी माती पावसात बोटांच्या फटींत गोळा होऊन बसते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकतील अशा भेगा पडतात. हिवाळ्यात राऊच्या पुढचे शेताकडेचे कच्चे रस्ते चांगले, शेतमालकाला विचारून जा. सराट्यांवर मात्र नजर ठेवा, आपल्याकडे गोखरू म्हणतात तेच. परतल्यावर चारही पंजे तपासा. सिरपूरच्या तळ्याकाठी पक्ष्यांची जागा आहे आणि रालामंडल अभयारण्य आहे, तिथे कुत्रा नेऊ नका. गल्लीतली कुत्री हा खरा धोका आहे. दोरीला बांधलेल्या ब्रूनोला ना पळता येतं, ना स्वतःला वाचवता येतं. ती दिसली की सराव थांबवा, हार्नेसची दोरी काढून पट्ट्यावर घ्या आणि शांतपणे पार व्हा. रेबीजची लस वेळेवर हवीच.

सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्या. ३१ किलोत चरबी किती आहे ते बघायला बरगड्यांवरून हात फिरवा, दाबल्याशिवाय त्या हाताला लागल्या पाहिजेत. पावसाळ्यानंतर इथे गोचीडतापाचे रुग्ण फार येतात. कुत्रा वरून बरा दिसतो, पण रक्त कमी झालेलं असतं. तो लवकर थकत असेल तर आळशी म्हणू नका, रक्त तपासा. पळण्याआधी तीन-चार तास पोटात अन्न नको, आणि परतल्यावर आपल्या पोह्या-जिलबीतला घासही नको.

चिंगीला जोडीला घेऊ नका. तिच्या पायांच्या हाडांची टोकं अजून वाढताहेत, त्यावर ओढण्याचा ताण पडला तर पाय कायमचा बिघडू शकतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही, मोठ्या बांध्याची असेल तर दीड वर्ष. तोवर तिला शब्द शिकवा, हार्नेस अंगाला सवयीचा करा आणि ब्रूनोचं काम बघू द्या. ती बघून पुष्कळ शिकेल.

पुढच्या हिवाळ्यात ब्रूनो तुमच्यासोबत दोन किलोमीटर आरामात ओढत पळाला, तर सायकलचा विचार करू. तेव्हा दोरी पुढच्या चाकाच्या वर उचलून धरणारी दांडी, हेल्मेट, हातमोजे आणि दोन्ही चाकांचे उत्तम ब्रेक हवेत. मुलीआधी सायकलवर तुम्ही बसा. स्केट्स मागितले तर नाही म्हणा, ओढणाऱ्या कुत्र्यामागे त्यांच्यावर पटकन थांबता येत नाही.

प्रश्न : आमचा सायबेरियन हस्की दोन वर्षांचा आहे. विजयनगरच्या फ्लॅटमध्ये एसीत राहतो. त्याचा जन्मच ओढण्यासाठी आहे असं वाचलं. एप्रिलमध्ये पहाटे सहाला नेलं तर चालेल ना?

उत्तर : नाही, एप्रिलमध्ये नाही. सायबेरियातल्या चुकची लोकांनी ही जात गोठवणाऱ्या थंडीत ओढायला घडवली. तुम्ही वाचलं ते खरं, पण ती थंडी इथे नाही. एसीतून थेट बाहेर आलेल्या कुत्र्याला उकाड्याची सवयही नसते, आणि हस्की धावायच्या नादात स्वतः थांबत नाही. थांबवायचं काम तुमचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, तेव्हा पाच-सात मिनिटांच्या छोट्या फेऱ्या करा. बाकीचे महिने त्याला वास शोधायचे खेळ द्या, पाण्यात खेळू द्या. त्याचे केस कापून टाकू नका, ते उन्हापासूनही त्याला जपतात. त्याच्या अंगातली ताकद पाहून तुमचा जीव तुटतो, ते मला समजतं.

प्रश्न : टिळकनगरहून विचारते. आमचा पग फार उत्साही आहे, त्याला छोटी गाडी ओढू देऊ का?

उत्तर : नको हो ताई. त्याचं नाक आखूड आहे, श्वासाची वाट अरुंद आहे, आणि उष्णता बाहेर टाकायची त्याची वाट तीच. सकाळी गारव्यात त्याच्या चालीने फिरवा. झोपेत तो मोठ्याने घोरत असेल किंवा खेळताना मध्येच बसत असेल, तर एकदा दवाखान्यात आणून दाखवा.