सेल्समनचा पिवळा ग्लास आणि नळाच्या बाकीच्या तक्रारी

उन्हाळा लागला की या सदराकडे इंदूरकरांची पाण्याचीच पत्रं येतात. केमिस्ट्री शिकवायचं सोडून बरीच वर्षं झाली तरी लोक मला अजून लॅबवाली ताईच समजतात, त्यामुळे या वेळी स्वयंपाकाचे प्रश्न बाजूला ठेवलेत.

ताई, मागच्या आठवड्यात वॉटर प्युरिफायरवाला घरी आला. दोन ग्लास मागितले, एकात आमचं नळाचं नर्मदेचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत दांड्यांचं एक यंत्र सोडून प्लग लावला तर मिनिटभरात आमचं पाणी पिवळं-काळं झालं, वर घाण तरंगायला लागली, त्याचं मात्र जसंच्या तसं. सासूबाईंनी तर पदरच लावला तोंडाला. मशीन अठरा हजारांचं आहे, तो परवा परत येणार आहे. घ्यायचं का? (सुदामा नगर)

पैसे अजिबात देऊ नका अजून. परवा तो आला की छान पोहे खाऊ घाला आणि म्हणा, आता तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत प्लग लावा. लावायचं त्यानेच हं, तुम्ही हात घालायचा नाही, घरातला करंट आहे तो. त्याचंही पाणी पिवळं होईल, आणि मीठ तर तुमच्याच डब्यातलं.

गंमत अशी आहे की त्या दांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, लोखंड झिजतं, आणि तुम्हाला जी घाण दिसली ती त्या दांडीचा गंज होता, नळाची घाण नाही. त्याचं मशीन आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, करंट वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. म्हणजे प्रयोग खरा आहे पण त्याने फक्त एवढंच कळलं की तुमच्या पाण्यात क्षार आहेत, आणि ते तर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पंपाने घाट चढवून आणलेल्या नदीच्या पाण्यात असणारच ना, असायलाही हवेत.

घ्यायचंच असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर घ्या, पेनाएवढा असतो, काहीशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. नर्मदेचं साधारण ५०० च्या बरंच खाली येतं, तिथे आरओ लावणं म्हणजे गोड पाणी गाळून अर्ध्याहून जास्त नालीत सोडणं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये हेच सांगितलं होतं, ५०० च्या खाली आरओ नको म्हणून. पण मीटर फक्त क्षार सांगतो, जंतू नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, ५० टीडीएसच्या पाण्यातही कावीळ असू शकते. त्यासाठी यूव्हीवालं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, साधं मशीन किंवा उकळी, चांगली खळखळून एक मिनिट.

आणि एक, आपल्याकडे बहुतेक घरांत नर्मदा आणि बोरिंग एकाच टंकीत सोडतात. मग मीटर कधी ३०० दाखवतो कधी ९००, आणि सेल्समनचं फावतं. प्यायचं पाणी टंकीच्या आधी, नर्मदेच्या नळालाच भरून घ्या.

एक दिवसाआड नळ येतात, आणि पहिली पाच-सात मिनिटं पाणी गढूळ येतं, कधीकधी गटारासारखा वासही. शेजारच्यांनी लाइनलाच डायरेक्ट टुल्लू पंप जोडलाय. मी म्हटलं तुमच्यामुळे होतंय तर म्हणतात काय संबंध, आम्हीही बिल भरतो. (लोकमान्य नगर)

संबंध आहे आणि चांगलाच आहे. नळ गेला की पाइप रिकामा होतो, प्रेशर संपतं. इंदूरच्या जुन्या मोहल्ल्यांत नळाची लाइन आणि गटाराची लाइन एकमेकींना खेटून, कित्येक ठिकाणी घराची बारीक पाइप तर नालीतूनच गेलेली असते. जोवर आत प्रेशर आहे तोवर फट असली तरी पाणी बाहेर गळतं, आत काही येत नाही. प्रेशर गेलं की त्याच फटीतून बाहेरचं आत. आणि टुल्लू काय करतो, तर तो अक्षरशः चोखतो, स्ट्रॉने चोखावं तसं, पाण्याबरोबर नालीपण. नुसत्या त्यांच्याच घरात येतं असं नाही, पूर्ण गल्लीला वाटून येतं. लाइनला थेट मोटर लावणं नियमात बसत नाहीच, पण नियम सांगून शेजारी ऐकत नाहीत म्हणून सांगा की आधी खालच्या हौदात पाणी पडू द्या, मग हौदातून मोटरने वर चढवा, पाणी तेवढंच मिळेल आणि मोटरही कोरडी फिरून जळणार नाही. मोटरचा मुद्दा पटतो लोकांना, मी करून बघितलंय.

पहिलं गढूळ पाणी दोन-तीन बादल्या वेगळं धरा, ओटला धुवायला, संडासात टाकायला, पण प्यायच्या भांड्यात नाही आणि टंकीतही नाही. वास ओळखायला शिका. स्विमिंग पूलसारखा वास आला तर नाक मुरडू नका, तो क्लोरीन आहे, नळापर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक असायलाच हवा, मानकात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितलाय, पाणी उघडं ठेवलं की वास उडून जातो. गटाराचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र त्या दिवशी सगळं उकळूनच. शेजारी दोन-तीन घरांत विचारा. फक्त तुमच्याकडेच येत असेल तर दोष तुमच्या घराच्या पाइपमध्ये, प्लंबरला बोलवा आणि नालीतून जाणारा तुकडा आधी बदलून घ्या. सगळ्यांकडे येत असेल तर महापालिकेच्या ३११ ॲपवर फोटो टाकून तक्रार करा, एकाने नाही, दहा घरांनी. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, अभिमान मलाही आहे, पण बक्षिसाची ट्रॉफी जमिनीखालचा चाळीस वर्षांचा पाइप बदलत नाही.

तुरटी फिरवून पाणी स्वच्छ होतं असं तुम्ही पुढे लिहिलंय. गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटीनंतर उकळायचंच. हौद धुतल्यावर ब्लीचिंग पावडर टाकायची तर चांगली ताजी असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, वाटीभर पाण्यात कालवून, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकायचं, तासभर हात लावायचा नाही. लोक मुठीने टाकतात आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून मला फोन करतात.

बोरिंगच्या पाण्यात तूरडाळ शिजतच नाही, कुकरच्या सहा शिट्ट्या होतात तरी. सोडा टाकू का? (वैशाली नगर)

सोडा चिमूटभर टाकला की शिजते पण डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व जातं आणि चवही साबणासारखी. बोरिंगचं पाणी जड असतं, त्यातला कॅल्शियम डाळीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतो. डाळ भिजवायला आणि शिजवायला नर्मदेचं वापरा, बाकी भांडी-धुणं बोरिंगवर. नर्मदा नाही आली त्या दिवशी बोरिंगचं पाणी आधी दहा मिनिटं उकळून गार करा, तळाला पांढरं बसेल ते राहू द्या, वरचं घ्या, जडपणा थोडा तरी उतरतो. गिझर-केटलमधल्या त्या पांढऱ्या थराला लिंबूसत्व पाण्यात घालून उकळा, चाकूने खरवडू नका.

आरओचं वाया जाणारं पाणी मी बादलीत धरते आणि तुळशीला घालते. दोन तुळशी वाळल्या. पाप लागेल का हो? (तिलक नगर)

पाप नाही, पण हिशोब बघा. चार लिटर आत गेलं, एक प्यायला मिळालं, तीन बाहेर. आतलं ९०० टीडीएसचं आणि प्यायचं ६० चं, तर राहिलेले सगळे क्षार त्या तीन लिटरमध्ये, म्हणजे साधारण ११८०. कुंडीत रोज हेच, वर निचरा नाही, मग तुळस कशी टिकेल. हे पाणी फरशी पुसायला, संडासात, चपला धुवायला, कूलरमध्ये मात्र नको, जाळ्यांवर पांढरा थर धरतो. कुंडीला द्यायचंच तर तीनदा साधं, एकदा हे.

टंकी रात्री भरून झोपतो, सकाळी अर्धी. घरात कुठे गळत नाही. मोटर रोज चालवावी लागते. (महूहून)

बघायला संडासाची फ्लश टंकी. आवाज न करता कमोडमध्ये झिरपत असते आणि दिसत नाही. झोपायच्या आधी फ्लशच्या टंकीत कपड्याच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका, कुणालाही फ्लश करू देऊ नका, नातवंडांनाही नाही, आणि अर्ध्या तासाने कमोडमध्ये बघा. निळं दिसलं तर तळाचा रबर वॉशर खराब आहे, स्वस्तात बदलून मिळतो. निळं नसेल तर बॉलकॉक, म्हणजे टंकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोटचा नळ, बघा, पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून तर जात नाही ना, फ्लोट जरा खाली वाकवला की बंद होतं. तेही नसेल तर रात्री टंकीखालचा मेन व्हॉल्व्ह बंद करून झोपा. सकाळी टंकी भरलेली असेल तर गळती घरातल्या पाइपमध्ये, भिंतीत ओल कुठे आलीय ते शोधा. तरीही अर्धीच असेल तर गळती टंकीतच, तळाशी भेग पडली असेल.