बागेचे प्रश्न : चेरी लावावी, पण कोणती?

प्रश्न : न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घरापुढची क्वान्झान चेरी चौदाव्या वर्षी वाळली. खोडातून डिंक गळत होता. शेजारची लवकर फुलणारी चेरी मार्चच्या हिमात करपते. पूर्वीसारखे हिवाळे आता राहिले नाहीत, तरी चेरीच लावायची आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : क्वान्झान मुळातच अल्पायुषी, १५ ते २५ वर्षे टिकली तरी पुष्कळ. डिंक हा रोग नव्हे, लक्षण आहे. खोडकिडा, बुडाशी साचणारे पाणी किंवा गवत कापायच्या यंत्राने सोललेली साल, यांपैकी काहीतरी मागे असते.

तुमच्याकडे चेरीला थंडी कमी पडत नाही. घोटाळा त्यानंतर होतो. थंडीचा कोटा, म्हणजे फुलण्याआधी झाडाला लागणारे थंडीचे तास, पुरा झाला की झाड फक्त ऊब मोजते. फेब्रुवारीत आठवडाभर ऊन पडले की कळ्या फुगतात आणि मग हिम येते. उमललेली फुले उणे २ अंशांच्या आसपास करपू लागतात, उणे ४ ला जवळजवळ सगळी जातात. म्हणून नर्सरीच्या चिठ्ठीवरचा झोन (हवामानाच्या पट्ट्याचा आकडा) पाहून भागत नाही. तो फक्त हिवाळ्यातली नीचांकी थंडी सांगतो.

आमची पसंती हिगान चेरीतल्या ‘ऑटम्नॅलिस’ला. ती थोडी फुले शरद ऋतूतच उधळते, उरलेली वसंतात. एका रात्रीच्या हिमाने सगळा बहर जात नाही. शिवाय शोभेच्या चेरींमध्ये उन्हाळा आणि ताण सोसण्यात हिगान सर्वांत चिवट. उंची आणि घेर मात्र सहा ते नऊ मीटर, तेव्हा भिंतीपासून दूर लावा. ‘ओकामे’ लहान, उष्णता सोसणारी. पण फार लवकर फुलते.

आधी ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा. ते जिरल्यावर पुन्हा भरा. तासाला दोन-तीन सेंमीसुद्धा उतरत नसेल तर तिथे चेरी नको. चिकणमातीत मुळे कुजतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण गोळ्यापेक्षा खोल नको. खोड जिथे पसरून मुळे होते तो भाग मातीच्या वर दिसायला हवा. लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन पाच ते आठ सेंमी, खोडाला न टेकवता. (खोडाभोवती ढलप्यांची टेकडी रचायची हौस अमेरिकेत फार!) पहिले दोन उन्हाळे आठवड्याला ३०-४० लिटर पाणी, एकदाच आणि सावकाश. छाटणी बहर ओसरल्यावर, कोरड्या दिवशी. कलमाच्या खालून फुटवे आले तर लगेच काढा, नाहीतर खुंटच (ज्यावर कलम बांधलेले असते ते खालचे झाड) वर चढेल.

प्रश्न : पुण्यात जपानी चेरी फुलेल का?

उत्तर : नाही. तिला सात अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते. पुण्यात दुपारचे ऊन रात्रीची कमाई पुसून टाकते. मुंबईत विक्रोळीच्या द्रुतगती मार्गावरचा गुलाबी बहर चेरीचा नव्हे, टॅबेबुया रोझिया या झाडाचा. तोच लावा.