प्लॅनरची पहिली नोकरी: कन्सल्टन्सी की एमपीएससी?

प्रश्न: ताई, यंदा बी.प्लॅन (नगररचनेची पदवी) झालं. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत सिलेक्शन झालंय, एका नगरपालिकेच्या डीपीचं, म्हणजे विकास आराखड्याचं, काम आहे म्हणाले. घरचे म्हणतात प्रायव्हेट कशाला, एमपीएससी दे आणि सहायक नगररचनाकार हो. माझी भीती वेगळीच आहे, इथे नुसती डेटा एन्ट्री करायला लावतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: लावतील की! आधी ईएलयूला पाठवतील, म्हणजे सध्या कुठल्या जागेचा काय वापर चाललाय त्याचा सर्व्हे, एमआरटीपी ॲक्टच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम २५ खाली तो करावाच लागतो. माझ्या पहिल्या सर्व्हेला हातातल्या शीटवर मोकळा प्लॉट होता आणि समोर चार मजली बिल्डिंग, खाली किराणा, वर क्लासेस, त्याच्यावर बिऱ्हाडं. आता याला नकाशात रहिवासचा पिवळा रंग द्यायचा की कमर्शियलचा निळा, यावर मी पाच मिनिटं उन्हात उभी, तेवढ्यात दुकानदार बाहेर आला, "ओ मॅडम, आमच्यावर आरक्षण टाकताय का?" म्हणजे आमची जागा रस्त्याला, बागेला वगैरे राखून ठेवताय का. त्याला समजावता समजावता चहा झाला आणि कळलं की मागचा नाला बुजवून रस्ता केलाय, जो कुठल्याच नकाशात नव्हता. कॉलेजच्या ज्युरीत (प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत) हे कोणी विचारत नाही गं.

मग ऑफिसात बसून तेच क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, गाव नकाशा सॅटेलाइट इमेजवर बसवायचा, तो कधीच नीट बसत नाही, गट नंबरच्या हद्दी शेजारच्याच्या घरातून जातात. इथे चुकलीस तर पुढे कुणाच्या तरी राहत्या घरावर बागेचं आरक्षण पडतं. आणि ड्राफ्ट डीपी जाहीर झाला की ३० दिवसांत हरकती येतात, गठ्ठेच्या गठ्ठे, त्या एक्सेलला चढवायचं काम पण तुझ्यासारख्या नवीन मुलांकडेच येतं. कंटाळवाणं आहे, पण वाचून भर. प्रत्येक हरकतीत एक गट नंबर असतो, तो प्लॅनवर शोध, मग आपण (म्हणजे ऑफिसनं) काय घोळ घातलाय ते दिसतं. जमलं तर सुनावणीला मागच्या खुर्चीत बसायची परवानगी माग, मी स्वतः प्लॅनिंग शिकले ती तिथेच.

एमपीएससीचं म्हणशील तर घरच्यांचं चूक नाही, पण जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, त्या भरवशावर घरी बसू नकोस. नोकरी धर, सोबत एमआरटीपी १९६६ आणि यूडीसीपीआर २०२० (राज्याची विकास-बांधकाम नियमावली) वाचत राहा, दोन्ही ऑफिसलाही लागतात आणि परीक्षेलाही. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा वाचता येत नसेल तर आधी ते शिक, सॉफ्टवेअर नंतर. आयटीपीआयची (प्लॅनर लोकांच्या देशपातळीवरच्या संस्थेची) मेंबरशिप घेऊन ठेव, टेंडरला टीमचे सीव्ही जोडतात तेव्हा विचारतात. आणि हो, तुझा सीव्ही कुठल्या टेंडरला लावतायत ते विचारत जा, माझा एकदा अशा प्रोजेक्टला लावला होता ज्याचं गाव मी आजतागायत पाहिलेलं नाही.

जॉइन व्हायच्या आधी तिथल्या एखाद्या ज्युनिअरला गाठ आणि पगार किती यापेक्षा किती तारखेला होतो ते विचार. या धंद्यात बिलं टप्प्याटप्प्यानं निघतात, पालिकेकडून टप्पा अडकला की छोट्या ऑफिसात पगारही अडकतो. माझे दोन महिने अडकले होते, दिवाळीच्या तोंडावर.