गाडी ‘बाल्बोनी’ की साधी गॅलार्डो, हे आधी कागदावर ठरवा

प्रश्न: मी पुण्यात राहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतील जुन्या आलिशान गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून लॅम्बोर्गिनी गॅलार्डो घेतली. ‘जगात फक्त २५० निघालेल्या व्हॅलेंटिनो बाल्बोनी आवृत्तीतली ही एक’ असे त्याने व्हॉट्सअॅपवर लिहून दिले होते. (बाल्बोनी हे लॅम्बोर्गिनीचे चाचणीचालक, त्यांच्या नावाची ही खास आवृत्ती.) किंमत १ कोटी ८५ लाख ठरली. त्यातले १ कोटी ४० लाख त्याच्या फर्मच्या खात्यावर आरटीजीएसने भरले आणि ४५ लाख रोख दिले. त्याच सुमारास साधी गॅलार्डो, म्हणजे एलपी ५५०-२, मला १ कोटी १५ लाखांत मिळत होती. नुकतीच गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली, तेव्हा ‘आमच्या नोंदीत हा चासी नंबर साध्या एलपी ५५०-२ चा आहे’ असे समजले. गाडीचा नंबर पुदुच्चेरीचा आहे, आरसी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहे. पैसे परत मागितल्यावर व्यापारी म्हणतो, ‘जास्त ताणलंत तर कस्टमला कळवीन, गाडीच जाईल.’ मी काय करावे? पोलिसांत जावे का?

उत्तर: तुम्ही पाठवलेले आरसी, बिल ऑफ एन्ट्रीचे (आयातीच्या वेळी सीमाशुल्क विभागाकडे दाखल होणाऱ्या कागदाचे) पहिले पान आणि संदेशांचे फोटो पाहिले. तुमची बाजू चांगली आहे. पण रागाच्या भरात नोटीस पाठवली, तर तीच उद्या तुमच्याविरुद्ध वापरली जाईल.

याचे कारण असे. ‘मला बाल्बोनी सांगून साधी गाडी विकली’ ही तुमची तक्रार. उद्या कारखान्याने गाडी खरोखर बाल्बोनीच असल्याचे कळवले, तर फसवणुकीचा दावा कोसळेल. शिवाय आयातीच्या कागदावर नुसते ‘गॅलार्डो एलपी ५५०-२’ असल्यामुळे महाग आवृत्ती स्वस्त दाखवून आणल्याचा संशय घ्यायला जागा होईल. उलट गाडी साधी निघाली, तर आयातीचे वर्णन बरोबर ठरते आणि व्यापाऱ्याचा शब्द खोटा ठरतो. म्हणून पहिले पत्र व्यापाऱ्याला नव्हे, अधिकृत डीलरमार्फत इटलीत सांत’आगाता बोलोन्येझे येथील कारखान्याला जायला हवे. चासी नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाची तारीख, मूळ रंग आणि ही गाडी त्या २५० मध्ये आहे का, एवढेच विचारा. उत्तर लेटरहेडवर, सहीनिशी घ्या. वर्कशॉपमधल्या माणसाने तोंडी सांगितलेले कोर्टात टिकणार नाही.

चालवून पाहून हा फरक कळत नाही, याची नोंद तुमच्या दाव्यात असायला हवी. बहुतेक गॅलार्डो चारही चाकांवर ओढणाऱ्या. २००९ ची बाल्बोनी मात्र फक्त मागच्या चाकांवर चालणारी, ५५० अश्वशक्तीची. पुढच्याच वर्षी त्याच मांडणीची साधी एलपी ५५०-२ बाजारात आली, तीही ५५० अश्वशक्तीची आणि त्याच ५.२ लिटरच्या दहा सिलिंडरी इंजिनाची. खुणा उरतात त्या वरवरच्या: नाकापासून शेपटीपर्यंत गेलेला पांढरा-सोनेरी पट्टा, सीटवरचा तसाच पट्टा आणि बाल्बोनी यांची सही व क्रमांक असलेली छोटी पट्टी. या तिन्ही गोष्टी नंतर करून घेता येतात. तुमची गाडी ई-गिअरची (क्लच पेडल नसलेली) आहे, एवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. बाल्बोनी प्रामुख्याने हाताने गिअर टाकायची असली, तरी ई-गिअर पर्याय म्हणून मिळत होता. चासी नंबरातले दहावे अक्षर बऱ्याच गाड्यांत मॉडेल वर्ष दाखवते, २००९ ला ९, २०१० ला ए, २०११ ला बी. पण सगळ्या देशांत हा नियम बंधनकारक नाही, म्हणून तो इशारा समजा, पुरावा नव्हे.

भौतिक पुरावा मिळतो तो रंगाच्या थरात. परवानाधारक सर्व्हेयरकडून बॉनेट, छत आणि मागच्या झाकणावर रंगाची जाडी मोजून घ्या, पट्ट्यावर आणि पट्ट्याच्या शेजारी, दोन्हीकडे. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. पट्ट्याखाली आकडा त्याच्या दुप्पट आणि जागोजागी वेगवेगळा लागला, तर पट्टा नंतर मारल्याचे उघड होते. चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट, इंजिन नंबरचा फोटो आणि क्रमांकाच्या पट्टीचा जवळून घेतलेला फोटो अहवालाला जोडा. तोवर पट्टा काढू नका, पॉलिशही करू नका.

आणि गाडी चालवणे आजपासून बंद. याला दोन कारणे आहेत. करार कायद्याच्या कलम १९ नुसार फसवून मिळवलेली संमती तुम्ही रद्द करू शकता. पण सत्य कळल्यावरही गाडी फिरवली, तिच्यात बदल केले किंवा ती विकायला काढली, तर तुम्ही व्यवहार मान्य केला असा अर्थ निघतो. ओडोमीटरचा तारखेसह फोटो घ्या, बॅटरी मेंटेनर लावा आणि गाडी झाकून ठेवा. दुसरे कारण तुमच्या प्रश्नात नाही, पण आरसीच्या फोटोत आहे. नोंदणीची मुदत डिसेंबर २०२५ मध्येच संपली आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि ही गाडी डिसेंबर २०१० मध्ये नोंदली गेली होती. मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली दंड होतो आणि कलम २०७ खाली गाडी अडकवूनही ठेवता येते. वर्कशॉपला न्यायची असेल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरच न्या.

विमाही पाहा. पॉलिसी पहिल्या मालकाच्या नावावर असेल, तर तुमच्या हातून गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई मिळणे अवघड आहे. विक्रीनंतर आपोआप खरेदीदाराकडे येते ते फक्त तृतीय पक्षाचे संरक्षण. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण कंपनीला कळवून नावावर करून घ्यावे लागते.

आता व्यापाऱ्याच्या धमकीकडे येऊ. तिच्यात खरे किती ते समजून घ्या, म्हणजे भीती राहणार नाही. सीमाशुल्क कायद्यात शुल्क भरायची जबाबदारी आयातदाराची असते, आणि माल देशांतर्गत वापरासाठी सुटल्यानंतर तो विकत घेणारा माणूस आयातदार ठरत नाही. २००२ मध्ये आयात झालेल्या एका पोर्शे कॅरेराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच स्पष्ट केले आणि नंतरच्या खरेदीदारावरची शुल्काची मागणी रद्द ठरवली. शिवाय फसवणुकीचा आरोप असला, तरी कलम २८ खालची मागणी पाच वर्षांच्या आत करावी लागते. तुमच्या गाडीची आयात २०१० ची आहे.

पण याचा अर्थ गाडी पूर्ण सुरक्षित आहे असा नाही. जप्तीचा अधिकार वस्तूवर चालतो, माणसावर नव्हे. आयातच बेकायदा ठरली, तर कलम ११० खाली गाडी ताब्यात घेता येते आणि कलम १११ खाली ती सरकारजमा करता येते. अशा वेळी कलम १२५ खाली दंड भरून गाडी सोडवायचा पर्याय मिळू शकतो. हा दंड बाजारभावातून शुल्क वजा करून राहणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. मात्र या मार्गाने गाडी सोडवणाऱ्यावर दंडाखेरीज शुल्काचा बोजाही येतो, हे लक्षात ठेवा. समन्स आलेच तर चुकवू नका. कलम १०८ खाली दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरला जातो, म्हणून वकिलाचा सल्ला घेऊन जा, जे माहीत आहे तेवढेच सांगा आणि न वाचता सही करू नका. गाडी ताब्यात गेलीच तर कलम ११०ए खाली बंधपत्र व तारण देऊन ती तात्पुरती सोडवण्याचा अर्ज लगेच करा.

हे प्रकरण तिथवर जाईलच असे कागद म्हणत नाहीत. पण बिल ऑफ एन्ट्रीवरचे आयातदाराचे नाव आणि आरसीवरच्या पहिल्या मालकाचे नाव वेगळे आहे. मधला विक्रीचा कागद तुमच्याकडे नाही. पुदुच्चेरीच्या परिवहन कार्यालयातून मूळ नोंदणीच्या फाइलच्या प्रमाणित प्रती मागवा. आयात गाडीच्या नोंदणीला सीमाशुल्काचे कागद जोडावे लागतात, त्यामुळे पूर्ण बिल ऑफ एन्ट्री तिथे मिळायला हवे. तुमच्याकडच्या झेरॉक्सशी ते ओळ न् ओळ ताडून पाहा: चासी नंबर, वर्णन, उत्पादनाचे वर्ष, नवी की वापरलेली.

व्यापाऱ्याचा तो धमकीचा संदेश मात्र जपून ठेवा. तुमच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. वस्तू विक्री कायद्याच्या कलम १४ नुसार विक्रेता तुम्हाला निर्वेध ताब्याची हमी देतो, लेखी लिहिलेली नसली तरी. आयातीत खोट आहे हे माहीत असून त्याने गाडी विकली, असे हा संदेश सुचवतो. उद्या सीमाशुल्क विभागाने गाडी नेली, तर त्या नुकसानीचा दावाही याच व्यापाऱ्यावर होईल. सगळे संदेश मूळ फोनमध्येच ठेवा, फोन बदलू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत.

विक्रेता कोण, यावर वाद होणार. ‘मी फक्त दलाल, विकली पुदुच्चेरीच्या मालकाने,’ असे तो म्हणेल. तुमचे १ कोटी ४० लाख त्याच्या फर्मच्या खात्यात गेले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर विभागाकडील विवरणात, असू शकते. दहा लाखांवरची गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याला खरेदीदाराकडून १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) गोळा करावा लागत असे. त्या वर्षीच्या २६एएस मध्ये त्याच्या फर्मच्या नावाने तशी नोंद असेल, तर आपण विक्रेता असल्याचे त्यानेच सरकारला सांगितले आहे. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करावी लागते. त्याच्याकडे ते आहे का, हे माहिती अधिकारात विचारा.

रोखीच्या ४५ लाखांबद्दल स्पष्ट बोलतो. आयकर कायद्याच्या कलम २६९एसटी नुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास बंदी होती आणि तिचा दंड घेणाऱ्यावर, घेतलेल्या रकमेइतका. पण पैसे कुठून आले हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. बँकेतून काढलेल्या रकमेच्या नोंदी असतील तर दाव्यात पूर्ण किंमत लिहा. नसतील तर आधी चार्टर्ड अकाउंटंटला भेटा. शपथपत्रावर रक्कम दडवू नका आणि फुगवूही नका.

दाद कुठे मागायची? ग्राहक राज्य आयोगात. दिलेली किंमत ५० लाखांवर आणि २ कोटींच्या आत आहे, शुल्क अवघे २,५०० रुपये, आणि तक्रार तुमच्या राहत्या ठिकाणाच्या आधारे करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. खरेदीपासून मोजली तर ती सप्टेंबर २०२६ मध्ये संपते. ‘फसवणूक नंतर कळली’ हा युक्तिवाद राखून ठेवा, पण त्याच्या भरवशावर तारीख घालवू नका. अडचण एकच. नफ्याने पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, आणि तुमच्या एका संदेशात ‘दोन वर्षं ठेवून काढू, भाव दुप्पट होईल’ असे वाक्य आहे. समोरचा वकील सुरुवात तिथूनच करील. शिवाय फसवणुकीचा गुंतागुंतीचा पुरावा लागतो असे दिसल्यास आयोग पक्षकारांना दिवाणी न्यायालयात जायला सांगू शकतो. म्हणून माझे मत दिवाणी दाव्याकडे झुकते. तिथे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे मिळतात आणि सर्व्हेयर, डीलर यांची उलटतपासणी नीट होते.

दाव्यात मागायचे काय? एक मार्ग गाडी ठेवून फरकाची रक्कम, म्हणजे सुमारे ७० लाख, मागण्याचा. दुसरा व्यवहार रद्द करून गाडी परत देण्याचा आणि पूर्ण रक्कम व्याजासह घेण्याचा. मी दुसरा सुचवतो, आणि पहिला पर्यायी मागणी म्हणून त्याच दाव्यात घालतो. गाडी ठेवली तर तिचा सगळा कागदी बोजा तुमच्याकडे राहतो. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ खाली महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी पुदुच्चेरीची फॉर्म २८ वरची ना-हरकत, मग नव्या क्रमांकाचा व मालकी बदलाचे अर्ज, म्हणजे फॉर्म २७, २९, ३०. आयात गाडीवर इथला मोटार वाहन कर २० टक्के, कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख. जुन्या गाडीला वयानुसार घट मिळते, तरी रक्कम लहान नसते. वर नोंदणी नूतनीकरणाचे ४० हजार, आणि गाडी २० वर्षांची झाल्यावर तेच ८० हजार. परराज्यातल्या क्रमांकाकडे हल्ली कोणी डोळेझाक करत नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या एका फेरारी एसएफ९० वर बेंगळुरूच्या परिवहन अधिकाऱ्यांनी १ कोटी ४१ लाखांचा कर वसूल केला.

दावा चालू असताना मात्र गाडी स्वतःच्या नावावर करून घेऊ नका, तो व्यवहाराला दुजोरा ठरेल. परिवहन कार्यालयाकडून नोटीस आलीच, तर वादाची माहिती देऊन हरकत नोंदवत कर भरा आणि ती रक्कम दाव्यात वाढवून घ्या.

पोलिसांत जायचे का, असे शेवटी विचारले आहे. व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणून कलम भारतीय न्याय संहितेचे ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. कारखान्याचे पत्र हाती आल्यावर आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्या, त्याआधी नको. गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी होऊ शकते आणि त्यात पत्रच तुमच्या बाजूने बोलेल. गुन्हा नोंदला तर गाडी मुद्देमाल म्हणून जाण्याची शक्यता धरा. पोलिस ठाण्याच्या उघड्या आवारात अशा गाडीचे रबर, वायरिंग आणि रंग एका पावसाळ्यात खराब होतात. सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या अटी मान्य करून, गाडी तात्पुरती परत मिळवण्याचा अर्ज आधीच टाइप करून ठेवा, आणि त्याच्या जोडीला गाडीची आजची स्थिती दाखवणारा सर्व्हेयरचा अहवाल असू द्या.