शास्त्रीय गाणाऱ्याने पारंपरिक आणि प्रायोगिक संगीताच्या एकत्र महोत्सवात गावं का? तयारी काय करावी?

जरूर गा, पण तानपुरा श्रोत्यांपर्यंत पोचणार असेल तरच. नसेल तर सरळ नकार कळवा.

तुम्ही लिहिलंय की सिंथेसायझर वाजवणाऱ्या कलाकाराबरोबर तासभर गायचं आहे, गुरुजींना रुचेल की नाही याची धास्ती आहे आणि मानधन किती मागावं तेही ठरत नाहीये. गुरुजींचं तुम्हीच बघा. मी तानपुऱ्यावर साथ करते, आणि तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

अशाच एका महोत्सवात मी आमच्या गुरुबंधूंच्या मागे बसले होते. राग यमन, पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा गाणाऱ्याचा सा. ग्रीनरूममध्ये तानपुरा असा काही लागला होता! घोडीवरचं सूत केसभर सरकवलं, जवारी, म्हणजे तारेची गुंज, खुलली आणि खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सा च्या) तारेतून गंधार, म्हणजे ग, आपसूक वर यायला लागला. साऊंड चेकला स्टेजवर गेलो, तर सिंथेसायझरवर सा-ग-प असा लांबच लांब भरणा, म्हणजे मागे सतत धरलेले सूर, चालू. षड्ज (सा) जुळला, पंचमही (प) जुळला. गंधारावर मात्र आवाज हेलकावे खायला लागला.

सुरांमधलं अंतर सेंटांत मोजतात. तारेतून येणारा गंधार षड्जापासून 386 सेंटांवर असतो, कळफलकाचा 400 वर. 14 सेंटांचा फरक वाचताना किरकोळ वाटतो. पण काळी एकच्या खर्जातून निघणारा गंधार साधारण 346.5 हर्ट्झचा आणि सिंथेसायझरचा 349.2 चा. दोन्ही एकत्र घुमले की सेकंदाला जवळजवळ तीन हिसके ऐकू येतात. त्यात यमनचा वादी, म्हणजे मुख्य सूरच गंधार. गाणाऱ्याने टेकायचं कुठे?

मी त्या सिंथेसायझरवाल्या मुलाला हे सांगितलं. त्याने डोळे मिटून दोन-तीन आवर्तनं तानपुरा ऐकला आणि भरण्यातला गंधार काढून टाकला. उरले सा आणि प. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटांचा, तो कानाला टोचत नाही. वर म्हणाला, ‘तुमच्या तारेतला गंधार मला नीट ऐकवा, मी पुढचं त्याच्यावरच बसवतो.’ मला वाटलं, आज काहीतरी वेगळं घडणार.

तेवढ्यात आयोजकांनी वेळ संपल्याचं सांगितलं. साऊंडवाल्याला तानपुऱ्याचा माईक शिट्टी मारतोय असं वाटत होतं, त्याने तो बंदच केला. ‘तानपुरा समोर दिसू दे, आवाज मोबाईलमधला लावू,’ असं ठरलं. आणि आमचे गुरुबंधू म्हणाले, ‘चालेल.’

पूर्ण कार्यक्रमभर मी तारा छेडत होते आणि पहिल्या रांगेलासुद्धा त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. किराणा घराण्याच्या गायकाच्या मागे! ज्या घराण्यात सुरासाठी लोकांनी आयुष्यं घालवली, तिथे तानपुरा शोभेला ठेवायचा?

त्या ‘चालेल’वरून आमचं अजून वाजतं. त्यांचं म्हणणं, लोकांना फरक कळत नाही, आणि प्रयोगवाल्यांना तानपुऱ्याशी काय देणंघेणं? पहिलं खोटं आहे. लोकांना कारण सांगता येत नाही, पण त्या दिवशी गंधारावरचा न्यास (सुरावरचा ठहराव) बसला नाही आणि सभागृह चुळबुळत होतं. दुसरं तर त्याहून खोटं. किराण्याचेच पंडित प्राणनाथ 1970 मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांचं शिष्यत्व कोणी पत्करलं? ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली यांनी, म्हणजे तिकडच्या प्रायोगिक संगीतातल्या अग्रणींनी. ही मंडळी प्राणनाथांच्या मागे तानपुरा घेऊन बसत. आपल्याकडेही 1969 मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. प्रयोगवाले आपल्याला नवखे नाहीत, आणि त्यांना सुराची चाड नाही हे म्हणणं तर अन्यायाचं आहे. त्या दिवशी तानपुऱ्याची बाजू घेणारा तो मुलगाच होता. माघार आमच्या माणसाने घेतली.

‘परंपरा बिघडेल’ ही भीतीही सोडा. हार्मोनियमवर आकाशवाणीने 1940 मध्ये बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली. आक्षेप ठरीव सुरांचाच होता. आज पेटी गाण्याच्या बहुतेक मैफलींत आहे, कारण चांगला पेटीवादक कुठे थांबायचं ते ऐकून ठरवतो. सिंथेसायझरकडूनही एवढंच मागायचं.

तेव्हा तयारी म्हणजे जोडीदाराबरोबर आधी एक अख्खी दुपार बसा, खरा तानपुरा मध्ये ठेवून. गंधार, धैवत, निषाद त्याच्या भरण्यात नकोत. किंवा त्याने ते तारेप्रमाणे उतरवून घ्यावेत, बऱ्याच सिंथेसायझरवर ती सोय असते. फारच अडलं तर मधमाद सारंग घ्या, त्यात गंधार-धैवतच नाहीत. आणि एसीच्या झोतात तानपुरा ठेवू नका, खुंट्या पिळून जीव जातो.

हे सगळं आलापीच्या गाण्याला लागू. जोडीला संबळ किंवा ड्रम्स असतील तर तानपुरा तसाही बुडणार, तिथे हट्ट धरू नका. मोबाईलमधल्या तानपुऱ्याशीही माझं वैर नाही, रियाजाला मी तोच लावते. आणि मोठ्या उघड्या मैदानात माईक खरंच शिट्टी मारतो, साऊंडवाल्याला दरवेळी दोष देता येत नाही; त्याला वेळ द्यावा लागतो.

मानधनाचा आकडा मी सांगू शकत नाही, पण तानपुऱ्यावर बसणाऱ्यांचं वेगळं मागा, तुमच्यातून देऊ नका. सगळं लेखी घ्या. त्याच कागदावर साऊंड चेकची वेळ लिहा आणि खाली हेही लिहा, की तानपुऱ्याचा माईक गायकाला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. तुम्हाला कोणी विचारलंच तर ‘चालेल’ म्हणू नका.